मेजरसाहेबांची सिंफनी आणि माझा अभिप्राय

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न एका जर्मन माणसामुळे जमलं, आणि तो माणूस त्या लग्नाच्या सव्वाशे वर्षं आधीच वारला होता.

त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. आमच्या घरातल्या चार माणसांनी त्या नावाचे पाच उच्चार केले (दोन मी एकट्यानेच!) आणि त्यातला एकही बरोबर नव्हता असं पुढे कळलं. तो मोठा संगीतकार होता, त्याने सिंफन्या लिहिल्या, आणि त्यातल्या एका सिंफनीने आमच्या कुसुमचं लग्न जवळजवळ मोडलं होतं, एवढं तुम्हाला पुरे.

गोष्ट बंगळूरची, पन्नासच्या दशकातली. मी एका सरकारी कारखान्यात इंजिनियर होतो. चिकपेटेच्या मागच्या गल्लीत आमचं घर. माझे वडील, आप्पा, बेळगावकडून इथे नोकरीला आले आणि इथेच निवृत्त झाले. सकाळ-संध्याकाळ तंबोरा घेऊन बसायचे आणि उरलेला वेळ दुसरे गवई कसे चुकतात ते सांगायचे. घरात मी, माझी बायको शालिनी आणि कुसुम. कुसुम मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. तिला तीन स्थळं येऊन गेली होती. त्यातल्या एकाने तिला चालून दाखवायला सांगितलं. तिने चालून दाखवलं. चालत स्वयंपाकघरात गेली ती परत बाहेर आलीच नाही!

चौथं स्थळ शरदचं. मुलगा संशोधन संस्थेत कामाला, बोलायला मवाळ. पाहण्याच्या कार्यक्रमात त्याने कुसुमला विचारलं, "मुलींना भूमिती आवडावी म्हणून तुम्ही काय करता?" कुसुमने मान वर केली आणि दहा मिनिटं उत्तर दिलं. पोहे थंड झाले. नंतर आत येऊन ती शालिनीला म्हणाली, "वहिनी, हे जमलं तर बरं होईल." कुसुमच्या तोंडी हे वाक्य म्हणजे दुसऱ्या मुलीने घरभर नाचण्यासारखं होतं. आम्ही सगळे हरखून गेलो.

अडचण होती ती शरदच्या वडिलांची. मेजरसाहेब मिलिटरीतले निवृत्त डॉक्टर. शिवाजीनगरच्या पलीकडे कॅन्टोन्मेंटात त्यांचा बंगला. पत्नी काही वर्षांपूर्वी गेलेल्या. घरात बाप-लेक दोघंच आणि एक कपाट भरून विलायती संगीताच्या तबकड्या. पोह्यांची बशी बाजूला ठेवून त्यांनी आप्पांना विचारलं, "आपल्याकडे वेस्टर्न म्युझिक कोण ऐकतं?"

आप्पा खरं बोलणारे गृहस्थ. ते तोंड उघडणार एवढ्यात मी म्हणालो, "ऐकतं म्हणजे काय! आम्हाला त्याशिवाय जेवण जात नाही!"

"कोणाचं ऐकता?"

मला एकच नाव माहीत होतं. ते मी (पहिल्या उच्चारात) घेतलं. मेजरसाहेबांचे डोळे एकदम चमकले. ते तडक उठून बाहेर त्यांच्या गाडीपाशी गेले आणि दोन जाडजूड पुठ्ठ्याचे आल्बम छातीशी धरून परत आले.

"एकच सिंफनी. दोन कंडक्टर. दोन संच. मद्रासच्या मित्राला एक द्यायचं कबूल केलंय, पण कुठला द्यावा हे मला ठरवता येत नाही. दोन्ही नीट ऐका, आणि पुढच्या रविवारी जेवायला या. कुठला ठेवू ते सांगा. ज्या घराला हे कळतं त्या घरची मुलगी मी डोळे मिटून करीन!"

"आणि नाही कळलं तर?" शालिनीने पदर सावरत विचारलं.

"तर डोळे उघडून विचार करावा लागेल," मेजरसाहेब म्हणाले. ते हसले, पण मिशा हसल्या नाहीत.

पाहुणे गेले. मी विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिलं.

"अहो," शालिनी म्हणाली, "आपल्याकडे ग्रामोफोन कुठाय?"

नव्हता! आप्पांच्या मते गाणं डब्यातून ऐकायची गोष्टच नव्हती, म्हणून आमच्या घरात असलं यंत्र कधी शिरलंच नव्हतं. मी चिकपेटेतल्या लाउडस्पीकरवाल्याकडे धावलो. लग्नामुंजीत हाच माणूस सनईच्या तबकड्या वाजवायचा. यंत्र द्यायला तो तयार होता, पण भोंग्यासकट. "नुसती पेटी नाही मिळणार सार," तो म्हणाला, "सगळं एकात एक जोडलंय." संध्याकाळी तो आला, पेटी आमच्या माजघरात ठेवली, भोंगा गच्चीवर बांधला आणि 'आता निश्चिंत असा' अशा चेहऱ्याने निघून गेला.

मी पहिल्या संचाची पहिली तबकडी लावली. पन्नास विलायती व्हायोलिनं एकदम चिकपेटेवर कोसळली!

दोन मिनिटांत शेजारच्या कमळक्का दारात हजर. हातात हळदीकुंकवाची कोयरी. "अय्यो, मदुवे ठरली का कुसुमची? मला सांगितलं नाही!" भोंगा म्हणजे लग्न, एवढंच गल्लीला माहीत. त्यांच्यामागे आणखी चार बायका. कुसुम लाल होऊन म्हणाली, "ठरलं नाही हो अक्का, ठरवायला लावलाय." बायका भोंग्याखाली बसल्या. लग्न ठरलेलं नाही म्हणून कोणी उठून गेलं नाही.

पहिला संच आम्ही शांतपणे ऐकला. चार तबकड्या, आठ बाजू. दर चार मिनिटांनी एक बाजू संपायची, मी तबकडी उलटवायची, सुई बदलायची. आप्पा मांडीवर ताल धरून समेची वाट पाहत होते. सम काही आली नाही. बाकी सगळं शिस्तीत होतं. सुरुवात, मग जरा हळू, मग जरा नाचरं, आणि शेवटी दणदणाट.

"चांगला आहे," आप्पा म्हणाले. "शाळेत शिकवल्यासारखा आहे. पुढचा लाव."

दुसरा संच लावला. पहिली बाजू अगदी तीच. मी ती उलटवली, आणि एकदम दणदणाट! ढोल, तुताऱ्या, सगळे जीव तोडून वाजवतायत. चार मिनिटांत त्या माणसाने सिंफनीचा शेवट करून टाकला!

"संपलं?" शालिनीने विचारलं.

"अजून तीन तबकड्या आहेत."

पुढची लावली. सिंफनी पुन्हा सुरुवातीच्या वळणावर आली. उलटवली, पुन्हा दणदणाट. मग हळू, मग नाचरं, मग आणखी हळू. आणि सगळ्यात शेवटची बाजू, काय सांगू! हळू, कुजबुजल्यासारखी व्हायोलिनं, आणि बोलता बोलता कुणी वाक्य अर्धवट सोडून उठून जावं तशी ती एकदम थांबली.

मग आप्पांनी मांडीवर थाप मारली. "हा गवई!"

आता कुणी म्हणेल, सिंफनी एक, मग क्रम वेगळा कसा, ही शंका तुम्हाला आली नाही का? नाही आली! आम्ही कशाला घेऊ शंका? आमच्याकडे एक राग दोन गवयांनी एकसारखा गायला तर दुसऱ्याला लोक नक्कल म्हणतात. एक आलापात तासभर घालवतो, दुसरा थेट बंदिशीला हात घालतो. "जर्मन झाला म्हणून काय झालं," आप्पा म्हणाले, "प्रत्येकाची मांडणी वेगळी असणारच. पहिल्याने वहीत बघून वाजवलंय. याने तालमीत घाम गाळलाय."

"पण आधी शेवट?" शालिनीने विचारलं.

उत्तर कमळक्कांनी दिलं. "त्यात काय? आमच्यात पानावर पायसा मोदलु. स्वल्प गोड आधी, मग सारू, मग बाकीचं. जीभ खूश झाली की जेवण चांगलं."

मी आनंदाने वेडा झालो. एवढी सोपी आणि एवढी खोल गोष्ट! मी लगेच वही काढली आणि माझा अभिप्राय लिहायला बसलो. चार पानं झाली. कुसुम मात्र तबकड्या पाकिटात घालता घालता एकेक उलटून पाहत होती. मध्येच म्हणाली, "अण्णा, या दुसऱ्या संचाची गंमत बघ. प्रत्येक तबकडीच्या दोन बाजूंवरच्या आकड्यांची बेरीज नऊ येते."

"शाळेतलं गणित शाळेत, कुसुम!" मी लिहिता लिहिता म्हणालो.

(तिला काय सांगायचं होतं ते तुम्हाला आताच सांगून टाकतो. मला मात्र ते चार वर्षांनी कळलं. तेव्हा श्रीमंतांकडे एक यंत्र असे. त्याच्या उंच दांड्यावर चारही तबकड्या एकावर एक रचायच्या आणि त्या एकेक करून आपोआप खाली पडून वाजायच्या. मग सगळी चळत एकदम उलटी करायची. अशा यंत्रासाठी पहिल्या तबकडीवर पहिली आणि आठवी बाजू असे, दुसरीवर दुसरी आणि सातवी. आमच्यासारख्या साध्या यंत्रावर एक वाजली की तबकडी बाजूला ठेवून दुसरी लावायची. आम्ही मात्र दर वेळी तबकडी उलटवली, आणि पहिल्यानंतर आठवी ऐकली. त्या बिचाऱ्या कंडक्टरचा यात काहीही हात नव्हता!)

रविवारी आम्ही घोड्याचा जटका करून निघालो. आप्पा पुढे, आम्ही मागे, तबकड्या गोधडीत गुंडाळून शालिनीच्या मांडीवर. मी अभिप्राय पाठ करत होतो. कुसुमने दोनदा प्रयत्न केला. "अण्णा, ऐक तरी. ते आकडे..."

"आकडे नकोत! भावना!"

"अण्णा, तू तिथे काही बोलू नकोस. नुसतं 'दोन्ही चांगले' म्हण. माझ्यासाठी म्हण."

तिचा आवाज जरा कापला होता. मला वाटलं, मुलगी लग्नाच्या विचाराने घाबरलीय. मी तिच्या डोक्यावर थोपटलं आणि म्हणालो, "तुझ्यासाठीच तर बोलणार आहे!" कुसुमने डोळे मिटून घेतले.

जेवण झालं. मेजरसाहेबांनी पान लावलं आणि म्हणाले, "हं. काय ठरलं?"

मी उभा राहिलो. (बसून बोलता आलं असतं. पण अभिप्राय चार पानी होता.) "मेजरसाहेब, पहिला संच सरळमार्गी आहे. त्यात चूक नाही, म्हणूनच त्यात मजा नाही. दुसऱ्या कंडक्टरने मात्र धाडस केलंय! तो आरंभ दाखवतो आणि लगेच शेवट दाखवतो. जन्म आणि मरण शेजारी शेजारी ठेवतो! मग हळूहळू दोन्हीकडून आत येतो, आणि सगळ्यात शेवटी आपल्याला आयुष्याच्या मधोमध आणून सोडून देतो. उत्तर न देता!"

कुसुम जमिनीकडे बघत होती. शरदला एकदम ठसका लागला. तो पाणी पिण्यासाठी उठला आणि वडिलांच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. मेजरसाहेब उठले, खिडकीपाशी गेले, आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. आप्पा माझ्या कानाशी कुजबुजले, "वसंता, घालवलंस."

मेजरसाहेब वळले. डोळ्यांत पाणी!

"इतकी वर्षं," ते म्हणाले, "इतकी वर्षं मी हेच सांगतोय लोकांना! कुणाच्या लक्षात येत नाही. ठरवता येत नाही म्हणालो ते नुसतं तुमची परीक्षा बघायला! सगळे म्हणतात, पहिला संच बरा. अहो, पहिल्यात आहे काय? एकामागून एक! दुसऱ्यात माणूस आहे, माणूस!"

म्हणजे मेजरसाहेबही तबकडी उलटून ऐकत होते! (हे मी आता म्हणतोय. त्या वेळी मी फक्त छाती पुढे काढली.)

"कुसुम, बेटा," ते म्हणाले, "तू लाव. तुझ्या हातून ऐकू दे."

कुसुम उठली. कोपऱ्यातल्या साध्या, झाकणाच्या ग्रामोफोनवर तिने दुसऱ्या संचाची पहिली तबकडी ठेवली. चार मिनिटं झाली. बाजू संपली. आणि माझ्या बहिणीने, हाडाची मास्तरीण ती, तबकडी न उलटता उचलून बाजूला ठेवली आणि दुसरी हातात घेतली!

"अगं, थांब, थांब!" मेजरसाहेब दचकून म्हणाले. "ती कुठली? आधी ती उलट कर ना!"

कुसुमने हातातल्या तबकडीकडे पाहिलं. मग मेजरसाहेबांकडे. तिचे ओठ उघडले. मला तिची ती मुद्रा ठाऊक होती. फळ्यावर चुकीचं उत्तर दिसलं की ती तसा चेहरा करायची, आणि मग सारा वर्ग तिचं बरोबर उत्तर ऐकायचा. तेवढ्यात तिची नजर शरदकडे गेली. त्याने मान हळूच 'नाही' अशी हलवली, आणि पुढे काय करावं, दोन्ही हात जोडले!

"चुकलंच माझं," कुसुम म्हणाली, आणि तिने पहिली तबकडी उलटवली.

माझ्या बहिणीने आयुष्यात 'चुकलं' हा शब्द फक्त दुसऱ्यांच्या वह्यांवर लिहिला होता! मी थक्क झालो. मला वाटलं, संस्कार. दणदणाट सुरू झाला, मेजरसाहेब हात हलवत त्याच्याबरोबर वाहून गेले. कुसुम आणि शरद एकमेकांकडे बघून तोंड दाबून हसत होते. मला वाटलं, प्रेम. (ते मात्र बरोबर निघालं.)

शेवटच्या अर्धवट बाजूनंतर मेजरसाहेबांनी स्वतः उठून सुई उचलली. मग म्हणाले, "दुसरा संच राहील. पहिला मद्रासला जाईल. आणि मुलगी आमची."

आप्पांनी तिथल्या तिथे मुहूर्ताचं विचारलं. शालिनीने कुसुमला मिठी मारली. मी मेजरसाहेबांना माझा अभिप्राय भेट दिला. त्यांनी तो चारही पानं नीट घडी करून आल्बमच्या पुठ्ठ्यात ठेवला.

लग्न थाटात झालं. लाउडस्पीकरवाला तोच होता. इकडे कारखान्यात माझी कीर्ती पसरली. क्लबात मी दोनदा व्याख्यान दिलं, 'पाश्चात्त्य सिंफनीतील अंत आणि मध्य.' तिथे एक स्कॉटिश इंजिनियर यायचा. शेवटी त्याने माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "या सिंफनीबद्दल असं मी आजवर कुणाच्याही तोंडून ऐकलं नव्हतं." मी तिसऱ्या व्याख्यानाची तयारी सुरू केली.

चार वर्षांनी कुसुमच्या मुलीच्या बारशाला शरदने मला अंगणात गाठून सगळं सांगितलं. चौदा वर्षांचा असतानाच त्याला ते आकडे दिसले होते.

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होतो," शरद म्हणाला. "पण तो संच आईने आणला होता. दोघं दर रविवारी तसाच ऐकायचे. ती गेल्यावर बाबा त्या शेवटच्या बाजूला रडले, आणि रडून झाल्यावर त्यांना बरं वाटलं. मग कसं सांगू? मी ठरवलं, हे मला कधीही कुणाला सांगायचं नाही. त्या रविवारी कुसुमला न सांगता कळलं, आणि कळूनही तिने तबकडी उलटवली." त्याने आतल्या पाळण्याकडे पाहिलं. "वडिलांना संच पसंत पडला असेल. मला तेव्हाच मुलगी पसंत पडली होती."

खरं सांगतो, आपल्या बहिणीला इतका समजूतदार माणूस मिळाला याचं समाधान मला आजही आहे. मग एकदम मला माझं व्याख्यान आठवलं. "आणि मी? मला का नाही सांगितलंत चार वर्षं?"

"अण्णा, तू इतका आनंदात होतास," मागून कुसुम म्हणाली. "शिवाय तू ऐकणार होतास का?"

मी ठरवलं, झालं ते झालं, आता ही सिंफनी एकदा सरळ ऐकायची. तोपर्यंत नवीन मोठ्या तबकड्या निघाल्या होत्या. अख्खी सिंफनी एकाच तबकडीत, फक्त दोन बाजू, चुकायला जागाच नाही! मी ती आणली, नवं यंत्रही आणलं, शालिनीला समोर बसवलं, आणि पहिली बाजू, मग दुसरी बाजू अशी व्यवस्थित लावली. सुरुवातीला सुरुवात झाली. मध्ये मध्य आला. शेवटी शेवट आला.

"कसं वाटलं?" शालिनीने विचारलं.

"बरं आहे," मी म्हणालो. "पण यात कंडक्टरने स्वतःचं असं काय केलं?"

आणि मी उठून दुसरी बाजू पहिल्यांदा लावली.